वाफ्यातली कोथिंबीर, ताटातली कोथिंबीर

माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. इतकी वर्षं या वेळेला ते घरात कधीच नसायचे, त्यामुळे या वेळेला घरात काय चालतं याची त्यांना कल्पनाच नव्हती. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. फाटकाशी भाजीवालीची हातगाडी थांबली होती, सासूबाई भेंडीची टोकं मोडून बघत होत्या आणि मी आत कणीक मळत होते. भाजी घेऊन झाली आणि सासूबाई रोजच्या सुरात म्हणाल्या, "थोडी कोथिंबीर टाक गं वरून."

भाजीवालीने टाकली. सासूबाई पिशवी घेऊन आत आल्या, तर सासऱ्यांनी पेपर खाली ठेवलेला.

"तू आत्ता तिच्याकडे काय मागितलंस?"

"कोथिंबीर."

"पैसे दिलेस?"

"कोथिंबिरीचे कोण देतं?"

"मी सगळी नोकरी कालव्यावर काढली," सासरे म्हणाले. "एकाही बागायतदाराच्या घरी कधी चहा घेतला नाही. आणि माझ्या दारात रोज फुकटचा माल उतरतोय?"

"अहो, ती कोथिंबीर आहे. लाच नाही."

"आज कोथिंबीर. उद्या?"

"उद्या कढीपत्ता," सासूबाई म्हणाल्या. "तोही टाकते ती कधीकधी."

हे त्यांनी बोलायला नको होतं. सासऱ्यांनी त्याच बैठकीत निर्णय जाहीर केला. आजपासून या फाटकात कोणी कोथिंबीर मागणार नाही. लागेल तेवढी कोथिंबीर आपण घरी पिकवू.

ही नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं. मी लग्न होऊन मनमाडहून नाशिकला आले त्याला फार दिवस झाले नव्हते. आमचं घर सिडकोत, बसकं, पुढे छोटं अंगण. अंगणात तुळस, एक जास्वंद आणि कपडे वाळत घालायची तार. नाशिकमध्ये घरी कोथिंबीर लावावी असं तेव्हा कोणाच्या डोक्यातही येत नसे. शहराच्या कुठल्याही बाजूला थोडं बाहेर पडलं की कोथिंबिरीचं रान लागायचं आणि संध्याकाळी तीच कोथिंबीर ट्रक भरभरून मुंबईला जायची. वाटेत एखादी जुडी पडली तर ती उचलायलाही कोणी वाकत नसे.

सासऱ्यांचं म्हणाल तर कोणाच्या शेताला कधी आणि किती पाणी सुटायचं, हे त्यांनी जन्मभर ठरवलेलं. पिकं त्यांनी भरपूर पाहिली होती, पण सगळी जीपमधून. स्वतःच्या हाताने मातीत बोट घालायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. तरी आत्मविश्वास असा, की जणू काही जिल्ह्यातली सगळी बागायत त्यांनीच उगवलेली.

तुळशीच्या बाजूची जागा त्यांनी निवडली. कुदळ मागून आणली, पण कुदळीने दोन घाव घातल्यावर पाठ धरली, म्हणून बाकीचं खणणं माझ्या नवऱ्याने रविवारी केलं. सासरे खुर्ची टाकून शेजारी बसले आणि खोली बरोबर आहे का ते सांगत राहिले.

बियाणं घरातच होतं. स्वयंपाकघरातल्या डब्यातले धणे त्यांनी ओंजळभर काढून घेतले. धण्याचे दोन भाग करून पेरायचे असतात, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून त्यांनी खलबत्ता घेतला आणि ओट्यापाशी उभं राहून धणे कुटले. कुटायला लागल्यावर त्यांना हुरूप आला असावा. सासूबाईंनी येऊन बघितलं तर खलात धण्यांची पूड.

"चांगली बारीक झालीय," असं म्हणून त्यांनी ती डब्यात भरून ठेवली. त्या आठवड्यात आमच्या आमटीला छान वास होता.

दुसऱ्यांदा त्यांनी धणे लाटण्याने हलकेच दाबून फोडले, रात्रभर भिजवले आणि वाफ्यात ओळीने पेरले. मग वाट बघणं सुरू झालं. सकाळी चहाचा कप घेऊन ते वाफ्यापाशी उभे राहत. चार दिवस झाले, आठवडा झाला, पंधरवडा उलटला. वाफ्यात एक तण उगवलं. ते कोथिंबिरीचंच असेल या आशेने त्यांनी तेही जपलं.

शेवटी एकदा जेवताना ते म्हणाले, "धणे चांगले नव्हते."

"चांगले होते की," सासूबाई म्हणाल्या. "कीड लागू नये म्हणून मी हलके भाजून ठेवते."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "भाजलेले होते? मग पेरताना सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

दोन दिवस ते एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. "तुझ्या सासूला सांग, पाणी तापलंय." "तुझ्या सासऱ्यांना सांग, मला दिसतंय."

तोवर सासऱ्यांना एक गोष्ट सुचली. भाजीवालीकडून कोथिंबीर घ्यायची नाही असा नियम होता, पण तिचा सल्ला घेऊ नये असं नियमात नव्हतं. ती मखमलाबादकडून यायची, चांगली धट्टीकट्टी, बोलायला मोकळी. सासऱ्यांनी फाटकात जाऊन तिला विचारलं, "कोथिंबीर नेमकी पेरतात कशी?"

"मला काय ठाऊक, भाऊ?" ती म्हणाली. "आमचं समदं रान कांद्याचं. कोथिंबीर मी पेठ रोडच्या मार्केटातून उचलते."

"इतकी वर्षं कोथिंबीर विकतेस आणि पेरायची माहीत नाही?"

"इकायला पेरता यायला लागतं का?"

सासरे आत आले आणि कपडे बदलून शालिमार चौकात बियाण्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, किती क्षेत्र आहे? सासऱ्यांनी हाताने दाखवलं. दुकानदाराने दुसरा प्रश्न विचारला, गावठी पाहिजे की चायना? चीनचं बी आपल्या अंगणात नको, असं त्यांनी ठणकावून सांगितलं, आणि गावठी बियाण्याचं पाकीट घेऊन ते आले. त्या पाकिटात आमच्या सबंध गल्लीला पुरेल एवढं बी होतं.

या वेळी बी उगवलं. नाजूक, दोन-दोन पानांचे हिरवे ठिपके वाफ्यावर दिसायला लागले. आणि मग सासऱ्यांनी पाणी सोडलं. मी पाणी घातलं म्हणत नाही, सोडलं म्हणते, कारण ते नळाला पाइप लावून वाफा काठोकाठ भरेपर्यंत बाजूला उभे राहायचे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते. वाफ्यात चिखल झाला, त्यावर हिरवट साय धरली.

मी मनमाडची. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नसायचा. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, अंघोळीचं पाणी संडासाला, अशा घरात मी वाढलेले. पाइपातून असं पाणी वाहताना बघितलं की मी हातातलं काम टाकून खिडकीशी जायचे. मला शेतीतलं काही कळत होतं अशातला भाग नाही, माझा नुसता जीव तुटत होता. एकदा न राहवून मी म्हटलं, "बाबा, जरा कमी घातलं तर?"

ते माझ्यावर रागावले नाहीत. उलट समजुतीने म्हणाले, "बाकी काहीही सांग, सूनबाई. पाण्याचं मला नको सांगूस."

त्यानंतर थोड्याच दिवसांत रोपं मुळाशी कुजून आडवी झाली. ही हवेची गडबड, असं सासऱ्यांचं मत पडलं.

पाकिटात अजून भरपूर बी होतं. तुळशीचं लग्न झाल्यावर त्यांनी ते पुन्हा पेरलं आणि दुसऱ्याच दिवशी सासू-सासरे येवल्याला पुतण्याच्या लग्नाला गेले. लग्न एका दिवसाचं, पण सासूबाईंच्या माहेरचे लोक तिथेच, शिवाय एका विणकराकडे पैठण्या बघायच्या होत्या, घ्यायच्या नव्हत्या, तर बघायला वेळ जास्त लागणार. पंधरवडाभर ते आले नाहीत. जाताना सासऱ्यांनी मला वाफ्याला दोन वेळा पाणी सोडायला सांगितलं होतं. मी हो म्हटलं. मग मी वाफ्यावर एक जुनं गोणपाट टाकलं आणि तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी हाताने त्याच्यावर शिंपडत राहिले. पाइपाला मी हात लावला नाही. त्यात विचार काही नव्हता, हात धजला नाही एवढंच.

कोंब वर आलेले दिसले तसं मी गोणपाट काढून टाकलं. ते दोघं परत आले तेव्हा वाफा हिरवागार झाला होता. सासरे हातातली बॅगही खाली न ठेवता फाटकापासून सरळ वाफ्याकडे गेले. बराच वेळ वाकून बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? वेळच्या वेळी पाणी दिलं की सगळं येतं."

मी हो म्हटलं.

मात्र एक झालं. आता रोपांना पुराचा धक्का नको, असं म्हणून पुढे त्यांनी स्वतःच झारी आणली. थंडी चांगली पडली होती. कोथिंबीर अशी माजली की वाफ्यातली माती दिसेना. कोवळी, दाट, हात फिरवला की अंगणभर वास. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला फाटकातून आत बोलवायचे. दुधवाला, पोस्टमन, गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा, सगळ्यांनी तो वाफा पाहिला. सिलिंडरवाल्याने तर खांद्यावर सिलिंडर असतानाच पाहिला.

सासूबाई एकदा विळा घेऊन वाफ्यापाशी गेल्या. वड्या करायच्या होत्या.

"अजून जरा वाढू दे," सासरे म्हणाले.

"वाढलीय की."

"आत्ता कुठे धरलंय तिने. घाई कशाला करतेस?" मग थोडं मऊ होऊन म्हणाले, "वरणावर टाकायला हवी असेल तर चार काड्या घे. मागच्या बाजूने. दिसणार नाही अशा."

सासूबाई विळा घेऊन परत आल्या. माझ्याजवळ म्हणाल्या, "चार काड्यांनी काय होतंय? त्यापेक्षा नकोच." त्यांनी वाफ्याला हात लावला नाही तो लावलाच नाही.

पण कोथिंबिरीशिवाय स्वयंपाक त्यांना जमत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी देवळात जायला लागल्या. देऊळ गल्लीच्या तोंडाशी होतं आणि भाजीवालीची गाडी देवळाच्या वळणावर थांबायची. घरी येताना सासूबाईंच्या पिशवीत फुलांच्या पुडीखाली कोथिंबीर असायची. फाटकात मागायची नाही असा निर्णय होता, तो त्यांनी अक्षरशः पाळला.

सासरे जेवायला बसले की पोह्यांवर, आमटीवर, भरल्या वांग्यांवर ती कोथिंबीर बघायचे आणि एक घास घेऊन थांबायचे. "याला म्हणतात वास. बाजारातल्या कोथिंबिरीला हा वास येईल?"

"नाही येणार," सासूबाई म्हणायच्या आणि आणखी वाढायच्या. माझा नवरा अशा वेळी ताटाकडे एकटक बघत जेवायचा.

हे तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण सासऱ्यांच्या लक्षात आलं की घरात रोज एवढी कोथिंबीर लागते, तरी वाफा तसूभर कमी होत नाही. त्यांना आपल्या वाफ्याचा अभिमान वाटायला लागला. शेजारच्या काकांना ते सांगताना मी ऐकलं, "किती कापा, काही फरक पडत नाही. मागे वळून बघेपर्यंत पुन्हा तेवढीच." काकांनी बियाण्याच्या दुकानाचा पत्ता घेतला. पुढे काकांनी लावलेली कोथिंबीर कापल्यावर कमी व्हायची, त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

संक्रांत झाली, थंडी ओसरली. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी ऊन टोचायला लागलं आणि कोथिंबिरीने अंग बदललं. काड्या उंच आणि राठ झाल्या, पानं शेपूसारखी बारीक झाली, आणि मग एका सकाळी वर पांढरी फुलं. सासऱ्यांनी आम्हाला हाका मारून बाहेर बोलावलं. फार खुशीत होते.

"फुलावर आली," ते म्हणाले.

सासूबाईंनी पदराला हात पुसत बघितलं. "हो. संपली."

"संपली म्हणजे?"

"म्हणजे आता ती खायच्या कामाची नाही. थंडीत कापली असती तर पुन्हा फुटली असती. तुम्ही कापू दिली नाहीत."

सासरे वाफ्यापाशीच थांबले. आम्ही आत आलो. थोड्या वेळाने मी खिडकीतून बघितलं तर ते वाफ्यात उकिडवे बसून एकेक काडी बाजूला सारत होते. मागच्या बाजूची. मला कळलं ते काय बघतायत. मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघू दे. कधी ना कधी बघणारच होते."

ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. गुडघ्यांना माती लागलेली.

"मागच्या बाजूची एकही काडी कापलेली नाही."

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मग आपण थंडीभर खाल्ली ती?"

"देवळापाशी गाडी उभी असते ना."

"रोज?"

"रोज. तिच्या पोरीचं लग्न ठरलंय, त्र्यंबकला देणार आहेत. मुलगा पूजेचं सामान विकतो, स्वभावाने बरा आहे म्हणे. पण सासू जरा कडक आहे." सासूबाई पोळी उलटत बोलत होत्या. "तुम्ही फाटकात बोलायला बंदी केलीत, मग हे सगळं मला कुठे कळणार होतं?"

सासरे दारातच उभे. मला वाटलं आता मोठा आवाज होणार. पण त्यांनी विचारलं, "आणि कोथिंबीर ती अजून तशीच देते? पैसे न घेता?"

"मी घेते म्हणून देते. ती देते म्हणून मी घेते. तुम्हाला नाही कळायचं ते."

"मला सांगितलं का नाही कुणी?"

यावर सासूबाईंनी गॅस बारीक केला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही इतके खुशीत जेवत होतात," त्या म्हणाल्या. "ऑफिस सुटल्यापासून तुम्हाला तसं जेवताना मी बघितलं नव्हतं."

त्या दिवशी सासरे जेवायला बसले. आमटीतली कोथिंबीर त्यांनी बाजूला काढली नाही.

वाफा त्यांनी उपटला नाही. तो वाळू दिला. उन्हाळ्यात धणे धरले, ते त्यांनी स्वतः झोडून, पाखडून, पेपरच्या पुडीत बांधले, आणि एका सकाळी सासूबाईंबरोबर देवळाकडे निघाले. देवळात जायची त्यांना सवय नव्हती. भाजीवालीच्या गाडीपाशी थांबून त्यांनी पुडी पुढे केली.

"हे काय, भाऊ?"

"धणे. घरचे आहेत. आमच्याकडे तुझी बरीच कोथिंबीर येऊन गेलीय."

तिने पुडी उघडून वास घेतला. "आता हे पेरू का काय करू?" ती म्हणाली. "पोरीच्या लग्नाला मसाला करायचाय, त्यात घालते."

घरी परतताना फाटकाशी आल्यावर सासरे म्हणाले, "त्र्यंबकच्या त्या लोकांची चौकशी केलीय का नीट? आमच्या खात्यातला एक जण राहतो तिकडे. विचारतो." आणि खरंच त्यांनी विचारलं. मुलगा बरा होता. सासू कडक होती.

पुढच्या थंडीत त्यांनी वाफ्याचे तुकडे पाडले आणि थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरले, म्हणजे एक कापेपर्यंत दुसरा तयार. पहिला तुकडा भरात आला तेव्हा त्यांनी विळा आणून सासूबाईंच्या हातात दिला आणि स्वतः गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, फिरायला निघून गेले. त्यांना ते बघवणार नव्हतं. सासूबाईंनी मागेपुढे न बघता सगळा तुकडा जमिनीलगत कापला आणि दुपारी वड्या केल्या. सासरे परत आले, वाफ्याकडे न बघता आत गेले, आणि ताटलीभर वड्या खाल्ल्यावर मगच बाहेर येऊन बघितलं.

वर्षं गेली. दोन हजार सालानंतर आम्ही घरावर मजला चढवला. अंगण गाडीसाठी फरशी घालून बुजवलं गेलं, तेव्हा सासऱ्यांनी एकच अट घातली, की गच्चीवर विटांचा वाफा बांधून द्यायचा. गवंड्याने बांधून दिला. वर थंडीत कोथिंबीर सुरेख यायची. दुसऱ्या वर्षी आमच्या बेडरूमच्या छताला ओल आली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरात गळती. सासऱ्यांनी खुर्चीवर चढून छताचं निरीक्षण केलं आणि ती पावसाची आहे असं सांगितलं. जानेवारी चालू होता.

माझा नवरा वैतागला. "तो वाफा काढून टाकू या," तो म्हणाला. "कोथिंबिरीपायी स्लॅब जाईल. बाजारात हवी तेवढी मिळते."

सासरे मान खाली घालून बसले होते. वाफा काढायला ते नाही म्हणाले नसते, त्यांचा चेहराच सांगत होता.

सासूबाईंचे तेव्हा गुडघे गेले होते. गच्चीवर त्या कित्येक महिन्यांत चढल्या नव्हत्या. त्या पलंगावर बसून मेथी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कुणी हात लावायचा नाही वाफ्याला. गळतंय तिथे बादली ठेवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही आमचा पलंग समोरच्या भिंतीला सरकवला.